गाडीचा आवाज : आधी निदान, मग दुरुस्ती

शेतकऱ्याचा कान मोठा जाणता असतो. गोठ्यातील बैलाचे रवंथ थांबले, विहिरीवरील मोटार नेहमीपेक्षा जड सुरात चालू लागली, अथवा मळणी यंत्राच्या घरघरीत किंचित फरक पडला, तरी तो हातचे काम टाकून तिकडे धावतो. परंतु हाच शेतकरी आपली मालवाहू गाडी चालवू लागला म्हणजे त्याच्या कानाचा हा गुण कोठे लोपतो, हे कळत नाही. चालत्या गाडीतून कण्हल्यासारखा लांबट, एकसुरी आवाज येऊ लागला, तर पुष्कळ ठिकाणी खिडकीची काच वर केली जाते, गाणी मोठ्याने लावली जातात आणि ‘हंगाम आटोपला की दाखवू’ असे म्हणून तो आवाज सोबतीला घेऊन हजारो किलोमीटरचा प्रवास केला जातो. दुसरा प्रकार याच्या अगदी उलट आहे. गाडी गॅरेजात उभी करून, काय बिघडले आहे याचा तपास न लावता, एकामागून एक भाग बदलले जातात. पहिल्या प्रकारात जिवाला धोका असतो, तर दुसऱ्यात खिशाला चाट बसते. दोहोंतही नुकसान शेतकऱ्याचेच होते.

समजा, जुन्नर तालुक्यातील एक शेतकरी आपली टोमॅटो स्वतःच्या पिक-अप गाडीतून माळशेज घाटमार्गे वाशीच्या बाजारात नेतो. एके दिवशी गाडी ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेली की मागील बाजूने बारीक कण्हणे ऐकू येऊ लागते. एक जण म्हणतो, ‘टायर बोलतात.’ नवे टायर येतात, आवाज तसाच राहतो. दुसरा म्हणतो, ‘गिअरबॉक्स गेला.’ तो खोलला जातो, पुन्हा बसविला जातो, आवाज तसाच. दरम्यान दोन महिने उलटतात आणि कण्हण्याची जागा खरखर घेते. शेवटी मागील धुरीच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियल उघडला जातो, तेव्हा आत वंगण जवळजवळ नाहीच, आणि क्राऊन व पिनियन यांचे दात खरवडले गेलेले आढळतात. तेलाचे सील गळत होते, एवढेच मूळ कारण. पहिल्याच आठवड्यात कोणी गाडीखाली वाकून पाहिले असते, तर एक सील आणि एकदोन लिटर गिअर ऑइल एवढ्यावर काम भागले असते. आता मात्र दातांची जोडी, बेअरिंगे, मजुरी आणि बुडालेल्या खेपा यांचा हिशेब मांडावा लागतो. ही दातांची जोडी घाटउतारावर, पूर्ण भार असताना तुटून अडकली असती, तर मागील चाके एकाएकी जखडून गाडीचा ताबा सुटला असता. मग हिशेब पैशांत मांडता आला नसता.

या उदाहरणातील चूक यंत्राची नव्हे, पद्धतीची आहे. पिकावर कीड पडली असता ती कोणती, हे न ओळखता औषध फवारू नये, हा धडा कृषी विस्ताराच्या कार्यकर्त्यांनी गेली कित्येक वर्षे गावोगाव दिला आहे. रस शोषणाऱ्या किडीवरचे औषध बुरशीवर मारून काय उपयोग? हेच तत्त्व गाडीलाही तंतोतंत लागू पडते. आवाज हा रोग नसून लक्षण आहे. लक्षणावरून रोगाची जागा ठरविल्यानंतरच पाना हाती घ्यावा. ही जागा ठरविण्यासाठी महाग उपकरणांची आवश्यकता पहिल्या टप्प्यात तरी भासत नाही. चार-पाच साधे प्रश्न, एक मोकळा सपाट रस्ता आणि लक्ष देणारा कान एवढे पुरे होते.

मुळात गाडी कण्हते का, हे समजून घेतले म्हणजे पुढील गोष्टी सोप्या होतात. दातेरी चक्रे फिरताना दातावर दात येतो, तेव्हा प्रत्येक वेळी सूक्ष्म आघात होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या चाकाचा घेर २ मीटर धरला, तर चाक सेकंदाला सुमारे ८ फेरे घेते. क्राऊन चक्राला ४१ दात असतील, तर दर सेकंदाला सुमारे ३४० वेळा दात भिडतात. दात नीट जुळलेले व वंगणात बुडालेले असतील, तर हा आघात ऐकू येत नाही. ते झिजले, त्यांच्यामधील अंतर बदलले किंवा वंगण आटले, की तेच आघात एका सुरात ऐकू येऊ लागतात. वेग वाढला की सूर चढतो, वेग कमी झाला की उतरतो. चाकाच्या बेअरिंगचा आवाज बहुधा याहून खालच्या पट्टीतला, घुमणारा व घरघरणारा असतो. म्हणून आवाज कशाबरोबर वाढतो आणि कशाबरोबर थांबतो, हा निदानाचा पहिला व मुख्य प्रश्न होय.

गाडी जागेवर उभी करावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हँडब्रेक ओढावा आणि इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. उभ्या गाडीतही तोच आवाज येत असेल आणि इंजिनाबरोबर चढत असेल, तर चाके, टायर व डिफरन्शियल यांच्यावरील संशय दूर होतो. मग इंजिनाच्या पुढील बाजूचे, पट्ट्यावर चालणारे भाग तपासावे. अल्टरनेटरचे बेअरिंग, वॉटर पंपाचे बेअरिंग, पट्टा ताणणारी पुली आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप हे तेथील नेहमीचे संशयित आहेत. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळविल्यावर कण्हणे वाढत असेल, तर पॉवर स्टिअरिंगचे तेल कमी झाले आहे किंवा त्यात हवा शिरली आहे, असे समजण्यास जागा आहे. टाकीतील तेलावर फेस दिसला, तर हा संशय बळावतो.

उभ्या गाडीतच क्लच दाबून पाहावा. क्लच सोडलेला असताना आवाज येतो आणि दाबताच थांबतो, असे असेल तर गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्याचे बेअरिंग झिजलेले असण्याचा संभव आहे. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लचचे रिलीज बेअरिंग तपासावे. पायाच्या एका हालचालीने या दोन बिघाडांतील फरक कळतो. हे न पाहता गिअरबॉक्स उतरविणे म्हणजे विहीर कोठे खणावी हे न ठरविता सबंध शेत खणण्यासारखे आहे.

गाडी उभी असताना आवाज येत नसेल, तर ती रस्त्यावर न्यावी. आवाज विशिष्ट गिअरमध्येच येतो काय, हे पाहावे. मागील चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत चौथा गिअर थेट असतो, म्हणजे त्या वेळी शक्ती गिअरबॉक्समधील बाजूच्या दातेरी दांड्यावरून वळत नाही. पहिल्या तीन गिअरांत कण्हणे आणि चौथ्यात शांतता, असा अनुभव आल्यास दोष गिअरबॉक्समध्ये असण्याची शक्यता अधिक. गिअर कोणताही असो, आवाज केवळ रस्त्यावरील वेगाबरोबर वाढत असेल, तर गिअरबॉक्सच्या मागील भागांकडे, म्हणजे डिफरन्शियल, चाकांची बेअरिंगे व टायर यांच्याकडे वळावे.

या तिघांना वेगळे करण्याच्याही खुणा आहेत. ॲक्सिलरेटर दाबलेला असताना एक आवाज आणि सोडताच तो बदलतो अथवा थांबतो, असे घडत असेल, तर डिफरन्शियलवर संशय घ्यावा. याचे कारण असे की, शक्ती देताना दातांची एक बाजू भिडते व पाय उचलल्यावर दुसरी. गाडी वळवताना आवाज वाढतो किंवा कमी होतो, असे असेल तर चाकाचे बेअरिंग पाहावे. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर झुकतो. म्हणून डावीकडे वळताना वाढणारा आवाज बहुधा उजव्या बाजूच्या बेअरिंगचा असतो. आवाज डांबरी रस्त्यावर एक, सिमेंटच्या रस्त्यावर दुसरा आणि मातीच्या रस्त्यावर जवळजवळ नाहीसा, असा बदलत असेल, तर तो टायरचा समजावा. टायरवर हात फिरवून पाहावा. नक्षीच्या कडा करवतीच्या दातांसारख्या लागल्या, तर टायर असमान झिजला आहे. तशा वेळी नवा टायर घेण्याआधी चाकांची संरेषा व हवा तपासावी, नाहीतर नवा टायरही त्याच वाटेने जाईल.

हे प्रयोग करताना काही पथ्ये कसोशीने पाळावी लागतात. रस्ता सपाट, मोकळा व ओळखीचा असावा. वेग तोच ठेवून गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये टाकून ऐकण्याची रीत उपयोगी आहे, पण उतारावर ती कदापि अवलंबू नये. तसेच इंजिन बंद करून गाडी घरंगळत नेऊ नये, कारण इंजिन थांबताच ब्रेक व स्टिअरिंग यांना मिळणारे साहाय्य जाते. आवाज ऐकण्याचे काम चालकाने एकट्याने न करता शेजारी कोणा जाणत्याला बसवावे. चालत्या इंजिनाजवळ लाकडी दांडा टेकवून बेअरिंगचा आवाज ऐकण्याची जुनी युक्ती चांगली आहे, परंतु उपरणे, धोतराचा सोगा, साडीचा पदर, सैल बाही यांतील काहीही पट्ट्याजवळ वा पंख्याजवळ येऊ देऊ नये. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. चाकांना दगडांची उटी लावून आणि धुरीखाली भक्कम आधार देऊन मगच चाक हाताने फिरवावे. चाकाला वर-खाली धरून हलवून पाहता ढिलेपणा लागला किंवा फिरवताना खडबड जाणवली, तर बेअरिंगचे निदान बहुतेक पक्के झाले. अशी गाडी भार घालून चालवू नये.

प्रत्येक कण्हणे म्हणजे बिघाड, असेही मानू नये. बहुतेक गाड्या मागे घेताना कुंईकुंई करतात. पुष्कळ गिअरबॉक्सांत मागच्या गिअरचे दात सरळ कापलेले असतात, त्यामुळे तो आवाज स्वाभाविक आहे. टर्बोचार्जरची बारीक शिट्टी आणि विजेवर चालणाऱ्या तीनचाकीची गुणगुण हीदेखील निरोगी असू शकते. चिंता करावयाची ती बदलाची. काल नव्हता तो आवाज आज आला, अथवा कालच्यापेक्षा आज वाढला, तर तो बोलावणे पाठवीत आहे असे समजावे. त्यासाठी गाडी चांगली असतानाचा तिचा सूर मालकाच्या कानात बसलेला असला पाहिजे.

शेतावरील गाडीच्या बाबतीत वंगणाकडे विशेष लक्ष पुरवावे लागते, कारण तिची वाट चिखलातून व ओढ्यातून जाते. डिफरन्शियलला हवा येण्याजाण्यासाठी एक लहान छिद्र किंवा नळी असते. ती चिखलाने बुजली, तर आत तापलेली हवा वंगणाला सीलमधून बाहेर ढकलते. गरम झालेली धुरी ओढ्याच्या थंड पाण्यात उतरली, तर आत पाणी ओढले जाण्याचा संभव असतो, आणि मग वंगण ताकासारखे पांढुरके दिसू लागते. यास्तव पावसाळा संपताच डिफरन्शियल व गिअरबॉक्स यांचे वंगण तपासण्याची शिस्त लावून घ्यावी. गाडी सपाट जागी उभी करून भरण्याच्या भोकाचा बोल्ट काढला असता वंगण साधारणतः भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावे. बोटावर घेऊन चोळले असता धातूचे चमकदार कण पुष्कळ दिसले, तर आत झीज चालू आहे. डिफरन्शियलमध्ये बहुधा दात दातावर नुसते लोळत नाहीत, तर घासत सरकतातही. म्हणून तेथे मोठा दाब सोसणारे विशिष्ट वंगण लागते. घरात उरलेले इंजिन ऑइल तेथे चालत नाही. जीएल-४ व जीएल-५ या प्रतींमध्येही भेद आहे. एका भागास योग्य असलेले वंगण दुसऱ्या भागातील पितळी कड्यांना बाधू शकते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत जी प्रत छापली असेल तीच वापरावी.

आवाज दाबण्याच्या युक्त्यांपासून तर दूरच राहावे. नेहमीपेक्षा दाट वंगण भरून झिजलेल्या दातांचा आवाज काही काळ कमी करता येतो. जुनी गाडी विकताना असे करणारे लोक आढळतात. हे तापावर उपाय न करता तापमापक फोडण्यासारखे आहे. जुनी गाडी घेताना ती तासभर, शक्य तर भार घालून, चालवून पाहावी. वंगण तापून पातळ झाले म्हणजे दडलेला आवाज पुन्हा बोलू लागतो.

ट्रॅक्टरलाही हीच विचारसरणी लागू आहे. लिफ्ट उचलताना हायड्रॉलिक पंप कण्हत असेल, तर पंप बदलण्यापूर्वी तेलाची पातळी पाहावी आणि तेल ओढण्याच्या वाटेवरील गाळणी साफ करावी. पंपाला पुरेसे तेल मिळाले नाही, म्हणजे त्यात पोकळी निर्माण होऊन तो ओरडतो, आणि तसाच चालविला तर लवकरच निकामी होतो. ट्रॉलीच्या चाकांची बेअरिंगे तर बहुतेकांच्या विस्मरणातच जातात. उसाच्या हंगामापूर्वी ती उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरणे हे काम फार खर्चाचे नाही, परंतु भर रस्त्यात चाक निखळण्याचा प्रसंग त्याने टळतो.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, शेतकऱ्याने शेती करावी की फिटरचे काम शिकावे? शिवाय आजकालच्या गाड्यांत संगणक बसविलेले असतात, ते बिघाड सांगतीलच. या आक्षेपाचा पूर्वार्ध काही अंशी खरा आहे. क्राऊन व पिनियन यांची जुळणी, त्यांच्यामधील अंतर शिमा घालून बसविणे, बेअरिंग दाबून काढणे व घालणे ही कुशल कारागिराचीच कामे आहेत आणि शेतकऱ्याने त्यांच्या वाटेस जाऊ नये. परंतु रोग्याने स्वतःवर शस्त्रक्रिया करू नये म्हणून, दुखते कोठे हेही वैद्याला सांगू नये काय? उत्तरार्धाविषयी सांगावयाचे तर, गाडीतील संगणक मुख्यत्वे विद्युत संवेदक जेथे बसविले आहेत तेथील दोष नोंदवितो. झिजलेल्या दाताचे किंवा बेअरिंगचे कण्हणे त्याला सहसा ऐकू येत नाही. ते ऐकण्यास अजूनही माणसाचाच कान लागतो.

म्हणून गाडी गॅरेजात नेण्यापूर्वी मालकाने कागदाच्या एका तुकड्यावर पाच गोष्टी लिहून न्याव्या : आवाज केव्हापासून येतो, कोणत्या वेगास येतो, उभ्या गाडीत येतो की नाही, ॲक्सिलरेटर व क्लच यांनी त्यात काय फरक पडतो, आणि वळताना तो वाढतो काय. मिस्त्रीनेही हा कागद वाचून, मालकाला शेजारी बसवून, गाडी एकदा चालवून पाहिल्याशिवाय तिला हात लावू नये. चांगले मिस्त्री असेच करतात, आणि त्यांच्याकडे गिऱ्हाईक टिकते ते याच कारणाने. बदललेला जुना भाग मालकाने मागून घ्यावा आणि झीज डोळ्यांनी पाहावी. त्यात अविश्वास नाही, शिक्षण आहे.

या बाबतीत प्रशिक्षण संस्थांवरही काही जबाबदारी येते. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची शेतीयंत्रांचे प्रशिक्षण व चाचणी देणारी संस्था १९५५ सालापासून कार्य करीत आहे. पुदुच्चेरी येथे १९७४ साली पहिले कृषि विज्ञान केंद्र निघाले, आणि पुढे ही केंद्रे महाराष्ट्रातही जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ट्रॅक्टर व डिझेल यंत्रांचे कारागीर तयार होतात. या सर्वांच्या कार्यक्रमांत यंत्र कसे चालवावे आणि भाग कसा बदलावा, यांच्या जोडीला यंत्र कसे ऐकावे, या विषयासही मानाचे स्थान मिळाले पाहिजे. एक चांगले व एक झिजलेले बेअरिंग शेतकऱ्याच्या हाती देऊन फिरवावयास लावले, तर जे पाच मिनिटांत उमजते ते पाच व्याख्यानांनी उमजणार नाही.

शेतकऱ्याच्या घरी गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दूध, भाजीपाला, फळे, खत, बियाणे, आणि अडीअडचणीला दवाखान्यात न्यावयाचा रोगीदेखील तिच्यातूनच जातो. कर्जाचे हप्ते फेडून घेतलेल्या या गाडीला गोठ्यातील जनावराइतकीच देखभाल हवी. जनावर कण्हू लागले तर घरातील कोणीही ‘हंगाम झाल्यावर पाहू’ असे म्हणत नाही, आणि न पाहता वाटेल ते औषधही पाजीत नाही. गाडीच्या बाबतीतही हीच रीत ठेवावी. आवाज आला त्याच दिवशी थांबावे, ऐकावे, खाली वाकून वंगण पाहावे, आणि रोगाची जागा कळल्यावाचून कोणाच्याही हाती पाना देऊ नये.